नाव लावून केलेलं गुप्तदान

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, संयोजक मंडळी आणि एवढ्या उकाड्यात घरचा पंखा सोडून इथे आलेले आपण सगळे,

पत्रिकेवर विषय छापलाय 'ज्यू समाजातले दानशूर : ससून ते केहिमकर'. तो मीच दिला होता. गेल्या मंगळवारी संयोजकांचा फोन आला, "सर, केहिमकर म्हणजे कोण? प्रूफवाला विचारतोय की ते केळकर आहे का." (हशा) हसू नका. ससून बरोबर छापलं जातं आणि केहिमकरचं केळकर होतं, माझं आजचं व्याख्यान नेमकं याच्यावरच आहे. प्रूफवाल्याचा मी आभारी आहे.

सुरुवात एका रिक्षापासून करतो. आमच्याकडे सगळ्याची सुरुवात रिक्षापासून होते आणि पुष्कळदा शेवटही.

पाचेक वर्षांपूर्वीची गोष्ट. डेव्हिड ससूनची कबर बघायची होती. इतकी वर्षं पुण्यात राहून बघितली नव्हती, पुणेकर माणूस पर्वतीही पाहुणे आल्याशिवाय चढत नाही. रिक्षात बसलो आणि विचारांच्या नादात म्हणालो, "ससूनला घ्या." झालं. रिक्षा निघाली सुसाट. एरवी मीटरवरून वाद घालणारा माणूस सिग्नलला हॉर्न वाजवून वाट काढत होता. मध्येच मागे वळून हळू आवाजात म्हणाला, "कोण आहे काका?"

मी म्हटलं, "डेव्हिड ससून."

"नाही, म्हणजे सिरीयस आहेत का?"

"वारले."

"अरेरे. कधी?"

मी आपला मास्तर. तारखेचा प्रश्न आला की आमचं तोंड आपोआप उघडतं. म्हणालो, "7 नोव्हेंबर 1864."

रिक्षा कडेला लागली. (हशा) त्या बिचाऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आता याला ससूनला न्यावं की येरवड्याला. मग मी सगळं समजावून सांगितलं. कॅम्पात, मोलेदिना रोडला, ज्यूंचं प्रार्थनाघर, लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं, घड्याळ असलेलं. तो म्हणाला, "मग लाल देऊळ म्हणा ना! ससून कशाला म्हणता?"

मंडळी, त्या माणसाने एका वाक्यात माझं व्याख्यान उरकलं होतं. ज्या ठिकाणी ससून खरोखर झोपलाय त्या जागेला कोणी ससून म्हणत नाही. आणि जिथे तो कधीच नव्हता, म्हणजे स्टेशनजवळच्या रुग्णालयात, तिथे त्याच्या नावाचा उच्चार दिवसातून हजारदा होतो. 'ससूनला हलवलं', 'ससूनला ठेवलंय', 'ससूनला पोस्टमॉर्टेम झालं'. मुंबईत जा, ससून म्हणजे कुलाब्याची मासळी. पहाटे पाचला तिथे जाऊन उभे राहा, कोळणींचा लिलाव चाललेला, पाटीतून बर्फाचं पाणी गळतंय, पायाखाली कोळंबीची टरफलं. तिथे कोणाला विचाराल, ससून कोण? 'कोण म्हणजे काय, डॉक!'

बरं, त्या दिवशी मला कबर दिसली का? नाही. आधी परवानगी काढायला हवी होती, ओळखपत्र हवं होतं. 26 नोव्हेंबर 2008 नंतर अशा सगळ्या जागांना पहारा आहे आणि तो असायलाच हवा. चूक माझी. फाटकाच्या गजांमधून मनोरा पाहिला आणि परत आलो. पुढे रीतसर अर्ज करून गेलो. आवारात दगडी, चौकोनी, कोरीव काम केलेली समाधी आहे, लेख हिब्रूत. त्याबद्दल पुढे बोलेन. बोलायचं राहिलं तर आठवण करा.

आता आपल्याला माहीत असलेलं भराभर उजळून घेऊ. डेव्हिड ससून 1792 साली बगदादमध्ये जन्मला. बाप तिथल्या ज्यूंचा पुढारी. बगदादचा सुभेदार दाऊद पाशा याच्या जाचाला कंटाळून कुटुंब इराणच्या बुशहर बंदराला पळालं आणि तिथून 1832 साली मुंबईला आलं. आठ मुलगे. पुढे त्यांतल्या कोणाला कँटनला, कोणाला शांघायला असं पेरून ठेवलं. हा माणूस इंग्रजांबरोबर आयुष्यभर व्यवहार करून, 1853 साली ब्रिटिश नागरिक होऊनही, सही हिब्रूतच करायचा. अंगात अरबी झगा, डोक्याला फेटा. घराण्याचा पत्रव्यवहार अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत. आपल्या पेढ्यांवर जसं मोडी चालायचं तसंच समजा. परक्याच्या हाती पत्र लागलं तरी भाव कळायचा नाही.

'ससून' या शब्दाचा हिब्रू अर्थ माहीत आहे का कोणाला? आनंद. जिथे माणूस स्ट्रेचरवरून जातो त्या जागेचं नाव आनंद रुग्णालय! असं नाव आज एखाद्या खाजगी दवाखान्याने ठेवलं तर आपण बिलाकडे संशयाने बघू.

हा आनंद आला कुठून, हेही सांगितलं पाहिजे. आमच्याकडे दानशूरांवर बोलायचं म्हणजे हार घातलेल्या फोटोसमोर बोलायचं, अशी पद्धत पडलीय. मला ती जमत नाही. ससून घराण्याच्या संपत्तीत कापूस होता, सूत होतं, कापड होतं, आणि अफू होती. भरपूर होती. माळव्याच्या शेतातली खसखशीची बोंडं, मुंबईचं बंदर आणि चीनमधल्या माणसांची फुप्फुसं, असा तो सरळ रस्ता होता. एकटा ससूनच त्यात नव्हता. जमशेटजी जीजीभॉयही होते, आणि त्यांच्या नावानेही मुंबईत रुग्णालयच उभं आहे, 1845 पासून. ससूनमध्ये किंवा जेजेमध्ये बरा होऊन घरी आलेल्या माणसाने अपराधी वाटून घ्यावं असं मी म्हणत नाही. माझ्या आईची दोन बाळंतपणं सरकारी रुग्णालयातच झाली, त्यांतलं एक बाळंतपण आत्ता तुमच्यासमोर उभं राहून बोलतंय. पण पाटी वाचायची तर पूर्ण वाचावी.

आणि हे घराणं व्यवहाराच्या वहीतच धर्मादायाचा हिस्सा बाजूला काढायचं. हे आपल्याला नवीन नाही. मुंबईच्या जुन्या पेढ्यांवर मालाच्या किमतीवर 'धर्मादाय' म्हणून आकार लागायचाच. त्यातून धर्मशाळा झाल्या, पांजरपोळ झाले. म्हणजे हा बगदादचा माणूस मुंबईला आला तेव्हा त्याच्या आणि इथल्या वाण्याच्या वहीत एक खातं सारखंच होतं. भाषा कळत नसेल, खातं कळत होतं.

ज्यू परंपरेत या खात्याला शब्द आहे 'त्सदाका'. आपण भाषांतर करतो दान. पण त्या शब्दाचं मूळ न्याय या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे देणारा मेहेरबानी करत नाही, देणं फेडतो. या विषयावर बाराव्या शतकात मायमोनिडीस नावाच्या एका माणसाने फार बारीक विचार करून ठेवलाय. पेशाने वैद्य, 1204 साली इजिप्तमध्ये वारला. त्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खालची म्हणजे तोंड वाकडं करून दिलेलं. आपल्याकडे गणपतीची वर्गणी देतात तशी. (हशा) त्याच्या वर हसतमुखाने, पण कमी दिलेलं. मग मागितल्यावर दिलेलं, मग मागायच्या आत दिलेलं. मग गंमत सुरू होते. घेणाऱ्याला देणारा ठाऊक, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही. त्याच्या वर याच्या उलट, देणाऱ्याला माहीत कोणाला दिलं, घेणाऱ्याला पत्ता नाही कोणी दिलं. वरून दुसरी पायरी, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. आणि सगळ्यात वरची म्हणजे माणसाला हाताशी धरून, कर्ज देऊन, धंद्यात भागीदार करून असं उभं करायचं की त्याला परत कोणापुढे हात पसरावा लागू नये.

आता माझा लाडका सिद्धांत. घरी बायकोला सतरा वेळा ऐकवून झालाय, तिने शेवटी सांगितलं की बाहेर कुठेतरी बोल. म्हणून मी इथे आहे.

माझं म्हणणं असं. ससूनने दगडावर नाव कोरलं. मायमोनिडीसच्या शिडीवर हे काही फार वरचं दान नाही. घेणाऱ्याला देणारा ठाऊक. पण दीडशे वर्षं जाऊ द्या. त्या वॉर्डात आज पडलेल्या माणसाला देणाऱ्याचं नाव पाठ आहे आणि देणारा अजिबात माहीत नाही. देणाऱ्याला तर घेणारा माहीत असायचा प्रश्नच नाही, तो 1864 सालीच गेला. म्हणजे न ठरवता, पाटी लावूनही, हे दान दुसऱ्या पायरीवर जाऊन बसलं! दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. आपण गुप्तदान म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं नाव लपवायचं असतं. ससूनचं उलटं झालं. नाव इतकं वापरलं की त्याच्या आड माणूस दिसेनासा झाला.

आणि आणखी एक. रुग्णालय पुरं झालं 1867 साली. लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड, त्याच सुमाराला. मुंबईतलं डेव्हिड ससून वाचनालय 1870 साली. तिन्ही त्याच्या पैशाची आणि तिन्ही पुरी झालेली त्याने पाहिली नाहीत. वाचनालयाची हकिकत मला फार आवडते. टांकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या फोरमन मंडळींनी 1847 साली स्वतःसाठी एक मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढलं. दिवसभर घण मारायचा आणि संध्याकाळी वाचायचं. त्यांच्या इमारतीसाठी ससूनने 60,000 रुपये दिले. ज्याला इंग्रजी येत नव्हतं त्याने इंग्रजी पुस्तकांच्या घरासाठी पैसे दिले! काळ्या घोड्याजवळ पिवळ्या मालाड दगडाची ती इमारत आहे, आत जिन्याच्या पायथ्याशी त्याचा पुतळा आहे, झगा-फेट्यासकट. आणि वर गॅलरीत त्या लांब हातांच्या आरामखुर्च्या. पाय वर पसरून बसायचं, मांडीवर वर्तमानपत्र घ्यायचं, आणि पाच मिनिटांत वर्तमानपत्र चेहऱ्यावर. मी तिथे आयुष्यातली उत्तम झोप घेतलेली आहे. बाजूला वकिलीची पोरं परीक्षेचं घोकत असतात आणि खाली बसचे हॉर्न. पुतळ्याकडे बघून कोणी जात नाही. तोही बघत नाही.

काळा घोडा आठवला म्हणून. तो राजपुत्राचा पुतळा ससूनच्या थोरल्या मुलाने, अब्दुल्लाने, म्हणजे पुढच्या सर आल्बर्टने शहराला दिला, 1879 साली. 1965 साली तो तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. स्वार गेला, घोडा गेला, पण जागेचं नाव काळा घोडा ते काळा घोडाच. 2017 साली तिथे नवा घोडा उभा राहिला, बिनस्वाराचा. देणाऱ्याचं नाव तर त्या जागेला पहिल्यापासूनच नव्हतं. आल्बर्टनेच 1875 साली गोदी बांधली, ससून डॉक. हिला आपण सरसकट दानधर्मात घालतो. ती धंद्याची गोष्ट होती, कापूस लवकर चढावा-उतरावा म्हणून. तिच्यावर हार घालायचं कारण नाही, मासे घ्या.

हे सगळं सांगायचं कारण माझी एक जुनी खुमखुमी. नाव सांगत नाही, पण एका गावच्या वाचनालयात देणगीदारांचा फलक होता. काळ्या रंगावर पांढरी अक्षरं. आमच्या आजोबांनी 51 रुपये दिले होते, त्या काळचे, आणि त्यांचं नाव शेवटच्या ओळीत होतं. पुढे कोणीतरी 5,001 दिले. जागा नाही. पेंटरने सगळ्यात खालची ओळ पुसली आणि तिथे 5,001 लिहिले. मी मॅट्रिकला होतो. सेक्रेटरींकडे गेलो, म्हटलं आमच्या आजोबांचं नाव? ते म्हणाले, "अरे, फलक तेवढाच आहे." मी रागाने तिथली पुस्तकं न्यायचं बंद केलं. एक परत केलंच नाही, ते अजून माझ्याकडे आहे. (हशा) किंमत व्याजासकट 51 रुपयांच्या आसपास भरेल.

मूळ मुद्द्याकडे येतो. अध्यक्ष घड्याळ बघतायत, मला दिसतंय.

मी मूळचा अलिबागकडचा. अलिबागला इस्रायल आळी आहे, हे तुमच्यातल्या कोकणच्या मंडळींना माहीत असेल. बेने इस्रायल लोक, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. नवगावला जहाज फुटलं आणि वाचलेले लोक तिथेच राहिले, अशी त्यांची मूळकथा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. हिंदू तेली सोमवार पाळायचे म्हणून सोमवार तेली. गावावरून आडनावं, दिवेकर, केहिमकर, राजपूरकर. आणि त्यांच्या प्रार्थनाघराला ते स्वतः मशीद म्हणतात, आमच्याकडे म्हशीद. मुंबईच्या मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

आमच्या शेजारी बाई राहायच्या. नाव नाही घेत, त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणायचो, शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या घरी सण कसे, नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. नावं ऐकली तर वाटेल पोफळीच्या वाडीतले कोणतेही कोकणी घर. बिरड्याचा सण म्हणजे खरं तर जेरुसलेमचं देऊळ पडलं त्याचं सुतक. वालाच्या बिरड्यात दोन हजार वर्षांचं दुःख शिजत असतं, हे मला पुस्तकं वाचून मोठेपणी कळलं. तेव्हा मला फक्त बिरडं कळायचं.

बाईंनी मला एकदा त्यांच्या म्हशीदीतल्या बोलीची गोष्ट सांगितली होती. सणाला धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवलेल्या कपाटाचं दार उघडायचा मान असतो, गुंडाळी उचलायचा मान असतो, आणि त्या मानाची बोली लागते. आपल्याकडे विसर्जनाच्या आदल्या रात्री नारळाचा लिलाव होतो ना, तसं. बाईंचे वडील कंपाउंडर. एका वर्षी त्यांनी दार उघडायचा मान घेतला, साडेसात रुपयांना. पगार किती, तर असेल पंचवीस-तीस. बाई म्हणायच्या, "बाबा दार उघडून आले, तेव्हा हात थरथरत होते. आणि मग वर्षभर दर महिन्याला दहा-दहा आणे फेडले. बारा हप्ते. आई हिशोब ठेवायची." बारा दाहे एकशे वीस आणे, म्हणजे बरोबर साडेसात रुपये. गणिताच्या बाई होत्या, हिशोब चुकायचा नाही.

त्या साडेसात रुपयांची पाटी कुठेही नाही. दिव्यात तेल झालं असेल, छपराची कौलं झाली असतील. बाई पुढे इस्रायलला गेल्या, साठच्या दशकात, आळीतली निम्मी घरं गेली तशा. कार्ड यायची, मराठीत. तिथेही मराठी मासिक निघायचं, मायबोली नावाचं, त्यात कोणाच्या कविता आल्या ते लिहायच्या.

आता ससून आणि बाईंचे वडील, ही दोन्ही माणसं एकाच धर्माची. एकत्र प्रार्थना करत असतील असं आपल्याला वाटतं. आणि सुरुवातीला करतही होते. बगदादचे लोक मुंबईला आले तेव्हा त्यांना स्वतःचं प्रार्थनाघर नव्हतं, ते बेने इस्रायलींच्या म्हशीदीत जायचे. सामुएल इझिकिएल दिवेकरांनी 1796 साली बांधलेली ती मांडवीची म्हशीद. दिवेकर इंग्रजी फौजेत होते, म्हैसूरच्या लढाईत पकडले गेले, जिवंत सुटले, आणि सुटकेबद्दल देवाचे आभार म्हणून त्यांनी ती बांधली. कैदेतून सुटलेल्या कोकणी शिपायाने बांधलेल्या छपराखाली बगदादचे शेठ उभे राहिले. आणि चारच वर्षांत, म्हणजे 1832 ला आले आणि 1836 ला, ससूनसह बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत आमच्या आणि यांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्या. हे लोक शुद्ध ज्यू आहेत का याची आम्हाला खात्री नाही, हा भाव.

मला या अर्जाचा फार राग येतो. दान देणारा हात आणि भिंत मागणारा हात एकच होता. आमच्याकडे दोन पाणवठे होते, त्यामुळे आपण नाक वर करून बोलू नये, पण राग येतो तो येतो.

तरी एक गुंतागुंत सांगतो. याच ससूनने ज्यू मुलांसाठी काढलेल्या शाळेचे मुख्याध्यापक वर्षानुवर्षं कोण होते? जोसेफ इझिकिएल राजपूरकर. बेने इस्रायल! हिब्रूचे मोठे पंडित, ज्यू प्रार्थना मराठीत आणणारे. म्हणजे मेल्यावर शेजारी नको, पण मुलांना शिकवायला हवेत. मुंबई कोणालाही इतकं शुद्ध राहू देत नाही.

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.)

मग ज्या विषयासाठी तुम्ही आलात तो दहा मिनिटांत उरकतो. क्षमा असावी, रिक्षावाल्याने माझा बराच वेळ खाल्ला.

ससूनांच्या पुढच्या पिढ्यांतल्या दोघांची नावं घेतलीच पाहिजेत. फ्लोराबाई ससून. पती सोलोमन 1894 साली गेल्यावर मुंबईची पेढी त्यांनी चालवली. त्या काळात बाईने पेढी चालवायची म्हणजे काय, आपण कल्पना करावी. प्लेगाच्या दिवसांत हाफकिनसाहेबाची लस टोचून घ्यायला लोक घाबरत होते. हाफकिनही ज्यूच, ओडेसाचा, आणि त्याने 10 जानेवारी 1897 ला लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. फ्लोराबाईंनी लोकांची भीती जावी म्हणून लस स्वतः घेतली आणि त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. पैसे देणं सोपं, दंड पुढे करणं कठीण. दुसरे जेकब ससून. फोर्टातलं निळं प्रार्थनाघर, केनेसेथ एलियाहू, त्यांनी 1884 साली वडिलांच्या आठवणीसाठी बांधलं, आणि पुढे विज्ञान संस्थेला भरघोस देणगी दिली. त्या संस्थेतून बी.एस्सी. झालेले इथे कोणी आहेत? दोन हात. तुम्ही ऋणी आहात, घरी गेल्यावर आठवा.

आणि वडील ससूनचं एक दान मी मघाशी मुद्दाम गाळलं. 1857 साली त्याच्या पैशाने वाट चुकलेल्या मुलांसाठी सुधारगृह निघालं, तेच आज माहीमला डेव्हिड ससून औद्योगिक शाळा म्हणून आहे. मुलाला तुरुंगात टाकण्याऐवजी हातात करवत आणि रंधा द्यायचा. मायमोनिडीसची सगळ्यात वरची पायरी. सगळ्या दगडी मनोऱ्यांपेक्षा मला हे मोठं वाटतं, आणि याच्यावर कोणी रिक्षात वाद घालत नाही.

आता केहिमकर. केळकर नव्हे.

हाईम सामुएल केहिमकर यांनी भाऊबंदांना घेऊन 1875 साली मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. इस्रायलाइट स्कूल. मागे अफूचे गलबत नाही, गिरणी नाही. समाज कारकून, सुतार, शिपाई, कंपाउंडर असा. मराठी आणि हिब्रू शिकवायचं, मुलांना स्वतःच्या प्रार्थनेचा अर्थ कळावा. पैसे समाजातल्या वर्गण्यांतून आणि लंडनच्या ज्यू संस्थेकडून, पत्रं लिहून लिहून, एका शाळेसाठी किती अर्ज करावे लागतात ते आमच्यातले संस्थाचालक जाणतात. त्याच काळात समाजातल्या काही मंडळींनी बायबलमधल्या अब्राहम-मोशे यांच्या कथांवर मराठीत कीर्तनं सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, सगळं आपल्या घाटात. बुवा उभे आणि आख्यान अब्राहमचं. ज्याला आपण ज्ञानदान म्हणतो ते हे.

पुढे या शाळेला देणगी देऊन आपलं नाव लावलं ते सर एली कदूरी यांनी. माझगावची सर एली कदूरी शाळा, तीच ती. कदूरी कोण? बगदादी! हा उमेदीत चीनमध्ये ससूनांच्याच पेढीवर नोकरी करत होता. कदूरी घराण्यात गोष्ट अशी सांगतात की एका ठाण्यावर रोगाची साथ आली, याने पेढीचं जंतुनाशक परवानगी न विचारता लोकांना वाटून टाकलं, पेढीने जाब विचारला, आणि याने नोकरी सोडली. मग स्वतःच्या बळावर हाँगकाँग-शांघायचा धनी झाला. 1836 सालची भिंत मागणाऱ्यांच्या समाजातला माणूस भिंतीपलीकडच्या मुलांच्या शाळेला पैसे देतो. आता मात्र शाळेच्या दारावर केहिमकर कुठेच नाहीत, माझ्या आजोबांसारखे. फलक तेवढाच आहे. ज्याने पैसे दिले तो पाटीवर, ज्याने दारोदार चपला झिजवल्या तो प्रूफवाल्याच्या शंकेत.

(हो, हो, पाच मिनिटं.)

डॉक्टर एलिजा मोझेस, 1937-38 सालचे मुंबईचे महापौर, वरळीला त्यांच्या नावाचा रस्ता. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी कितींना माहीत की ते कोकणी ज्यू होते? 'ई मोझेस रोड' म्हटलं की लोकांना महालक्ष्मीचा ट्रॅफिक आठवतो. डॉक्टर जेरुशा झिराड, शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन शिकल्या, कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या, 1966 साली पद्मश्री. त्यांनी समाजातल्या बायकांचं स्त्रीमंडळ उभं केलं. पैसे देणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव कधी येत नाही कारण त्यांनी दिली ती वर्षं. किती बाळंतपणं त्या हातांनी सुटली असतील, मोजायला कोण बसलंय. यांच्यावर एक पूर्ण व्याख्यान होईल, ते संयोजकांनी पुढच्या वर्षी ठेवावं आणि दुसऱ्या वक्त्याला बोलवावं, म्हणजे वेळेत संपेल.

समाधीवरचा हिब्रू लेख सांगायचा राहिला म्हणता? बरोबर, मीच म्हटलं होतं आठवण करा. वाचता येत नाही मला, खरं सांगतो. समोर उभा राहून नुसतीच बघत राहिलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, इस्रायलहून आलेले, मराठी बोलणारे. त्यांना म्हटलं, वाचून दाखवाल का. त्यांनी टोपी सारखी केली, चष्मा वर सरकवला, दोन ओळी हळू वाचल्या आणि म्हणाले, "मोठा माणूस होता. पण आमच्या आजीला नेहमी वाटायचं, आमच्याशी जरा नीट वागला असता तर." मग खिशातून बारीकसा खडा काढून समाधीच्या कडेला ठेवला. कबरीवर फुलं नाही, खडा ठेवतात.

केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. हस्तलिखित झालं 1897 साली, छापलं गेलं 1937 साली, तेही तेल अवीवला. चाळीस वर्षं ते बाड वाट बघत होतं. अध्यक्ष महाराज, मी फक्त बारा मिनिटं जास्त घेतली आहेत.